त्याची सम, माझी खाली: ग्रुप सेशनचे आठ महिने

हे रागात लिहायला घेतलंय, हे आधीच सांगून टाकते. काल गाण्यांच्या ॲपच्या कस्टमर केअरच्या चॅटवर चौथ्यांदा सल्ला मिळाला: ॲप काढून टाका आणि पुन्हा टाका. आणि मी चौथ्यांदा तो पाळला. ॲप काढलं की डाउनलोड केलेलं सगळं उडतं हे मला पहिल्या तीन वेळांवरून पाठ होतं. तरी केलं. ऑफिसच्या वायफायवर रोज डबा खाता खाता जमवलेली सहा जीबी गाणी गेली आणि मूळ दुखणं (लांबून एकत्र ऐकताना सगळ्यांचे फोन मागेपुढे होतात) होतं तिथेच आहे.

ॲपचं नाव लिहीत नाही. लिंक पाठवायची, चौघं जोडले जायचे, सगळ्यांच्या फोनवर एकच गाणं वाजायचं, रांगेत कोणीही भर घालायची, हे फीचर काय असतं ते आता कोणाला समजवायला नको.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. तेव्हा दादर-माटुंगा कल्चरल सेंटरला मागच्या खुर्च्यांवर बसून मैफली ऐकायचो, डिसेंबरात पैसे जमले तर पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी घेऊन जायचो. आता मी गिरगावात, एक पार्ल्यात, एक विरारला, एक बदलापूरला. महिन्यातून एकदा भेटायचं ठरवलं तरी कोणाचं मूल आजारी, कोणाची कामाची पाळी बदललेली, आणि रविवार असला तर मेगाब्लॉक. म्हणून दर बुधवारी रात्री साडेनऊला सेशन. गाणं ॲपवर, आणि सोबतीला ग्रुप कॉल चालू, कारण गप्प बसून ऐकायचं तर एकत्र कशाला ऐकायचं?

पैशांचं थोडक्यात. एकाच खोलीत एका स्पीकरवर ऐकायचं तर एकाचंच पेड खातं पुरतं. लांबून ऐकायचं तर प्रत्येकाचं पेड हवं. फॅमिली प्लॅन स्वस्त, पण त्याला सगळ्यांचा पत्ता एक लागतो आणि आमचे चार पत्ते पार पश्चिम रेल्वेपासून मध्य रेल्वेपर्यंत पसरलेले. पार्लेकर म्हणाला, टाक ना सगळ्यांचा गिरगावचा पत्ता. मी अकाउंट्समध्ये आहे, मला असलं जमत नाही. तेव्हा चौघांचे चार वेगळे पैसे जातात. एवढे पैसे घेता तर चार फोन एका वेळेवर आणा, एवढीच माझी अपेक्षा.

मूळ दुखणं तेच.

सेशन लागलं की पहिली पाच-दहा मिनिटं ठीक जातात. मग कुठेतरी एकाचा फोन पुढे सरकतो. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्यांना हे कदाचित कळणारही नाही. पण आम्ही बसतो शास्त्रीय गाण्यातला ख्याल ऐकायला आणि ख्यालात दाद द्यायची जागा ठरलेली असते. तान घेऊन गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर (मात्रेवर), आला की तोंडातून "वा" निघतंच, ते काही विचार करून देत नाही कोणी. आता गंमत बघा. द्रुत, म्हणजे जलद, तीनताल मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत चाललाय, म्हणजे सेकंदाला चार मात्रा आणि 16 मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, चार सेकंदांत पुरं. बदलापूरकराचा फोन माझ्यापेक्षा दोन सेकंद पुढे. दोन सेकंद म्हणजे आठ मात्रा. त्याची सम येते तेव्हा मी बरोब्बर नवव्या मात्रेवर, म्हणजे जिथे ताल हलका होतो त्या "खाली"वर. तान अजून वर चढतेय, मी श्वास रोखून बसलेय आणि कॉलवर हा बाबा ओरडतो, "वाऽऽ! क्या बात है!" पुढे समेवर काय होणार ते मला आधीच कळलं. लाडू तोंडात जायच्या आत दुसऱ्यानेच ढेकर द्यावी तसं.

मी हे सगळं कस्टमर केअरला लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, खुलासेवार लिहिलं, सम आणि खालीचा अर्थही दिला. उत्तर आलं की तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो, कृपया अडचणीचा स्क्रीनशॉट पाठवा. समेचा स्क्रीनशॉट! पाठवला असता, पण सम चुकते आवाजात, पडद्यावर सगळं ठीकच दिसतं. मग कॅशे साफ करा, मग फोन बंद करून चालू करा, मग ते पुन्हा टाकण्याचं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी.

इथपर्यंत लिहून मी एक तारा देऊन मोकळी होणार होते. पण मग शनिवारी चौघं पार्ल्याला भेटलो (सात महिन्यांनी!) आणि पार्लेकराने घरच्या घरी प्रयोग मांडला. टेबलावर माझा आणि बदलापूरकराचा फोन शेजारी शेजारी, दोन्ही एकाच सेशनमध्ये, दोन्हींवर नुसता तबल्याचा ठेका, आणि तिसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग. मग लॅपटॉपवर त्या आवाजाचा आलेख मोठा करून बघितला. "धा"चे दोन उंचवटे अगदी जवळजवळ उभे. पाव सेकंदाचाही फरक नाही. म्हणजे ॲप इतकंही वाईट नाही, हे मला मनाविरुद्ध लिहावं लागतंय.

मग माझा ब्लूटूथ स्पीकर जोडला. माझा उंचवटा लगेच मागे सरकला, साधारण पाव सेकंदाने. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून लहान करतात, पाठवतात, पलीकडे उलगडतात, त्यात एवढा वेळ जातोच. व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही, कारण फोन चित्रच तेवढं मागे धरतो. बदलापूरकराची दाद मागे धरायची सोय मात्र कोणी केलेली नाही. स्पीकर साडेचार वर्षं जुना आहे आणि अजून ठणठणीत आहे, तेव्हा तो बदलायचा प्रश्न येत नाही.

आणि ते दोन सेकंद? ते असे सापडले. बदलापूरकराच्या फोनचं नेट बंद करून थोड्या वेळाने चालू केलं. साठवलेला आवाज संपला तसं गाणं अडखळलं, परत लागलं ते दोन सेकंद पुढूनच, आणि त्यानंतर दोन्ही फोन कायमचे वेगळे झाले. ॲप मागे पडलेल्याला गाठून द्यायला पुढे ढकलतं, पण जरा जास्तच, आणि मग परत रांगेत आणत नाही, तसंच पुढे चालू देतं. उपाय अगदीच साधा निघाला: कोणीतरी पॉज दाबून पुन्हा प्ले करायचं, की सगळे एका रेषेत. आठ महिन्यांत चार वेळा ॲप पुन्हा टाकायला सांगणाऱ्यांपैकी एकालाही हे सांगता आलं नाही.

म्हणजे दोष नेटचा, आणि नेट जातं ते बदलापूरकराचं, कारण बुधवारी साडेनऊला तो लोकलमध्ये असतो. मी त्याला विचारलं, नेमकं कुठे जातं? म्हणाला, पारसिकच्या बोगद्यात, दुसरं कुठे. एक क्षण मला पटलंसुद्धा. बोगदा 1916 सालचा, सव्वा किलोमीटरच्या वर लांब, आत नेट कुठून येणार. मग आठवलं की फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून फास्ट लोकल कळवा-मुंब्र्यावरून जातात, बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. "तू मेलने जातोस का रे?" विचारलं तर हसायला लागला. खरं कारण कोपरापासून हात जोडावेत असं: मोबाइलच्या पॅकचा रोजचा दीड जीबी तो रात्रीपर्यंत क्रिकेटच्या क्लिपांत संपवून टाकतो, आणि मग नेट सरपटतं. ॲपवर आवाजाचा दर्जा सगळ्यात वरचा ठेवलेला, 320 केबीपीएस. त्या हिशेबाने तासाला 144 एमबी. मी त्याचा फोन घेतला आणि 96 वर आणला, तासाला 43 एमबी. गाडीच्या खडखडाटात त्याला तंबोऱ्याच्या जवारीतला, म्हणजे तारांच्या गुंजनातला, फरक कळणार आहे थोडाच.

दुसरी एक तक्रार छोटी आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचं सेशन भैरवीने संपतं. भैरवी झाली की मैफल संपली, चपला शोधायच्या, हे मुलांनाही माहीत असतं. ॲपला नाही. रांग संपली की ते आपणहून "तुम्हाला आवडेल असं" काहीतरी लावतं. एकदा भैरवीचा शेवटचा षड्ज अजून कानात होता आणि धाडकन ढोलताशा आणि डीजे सुरू. विरारवालीचं बाळ उठलं, ती उरलेली रात्र माझ्यावर चिडलेली. हे बंद करता येतं, सेटिंगमध्ये ऑटोप्ले नावाचं बटण आहे, पण ज्याने सेशन सुरू केलं त्याच्या फोनवर. तेव्हा दर वेळी वेगळ्याने सेशन सुरू केलं तर दर वेळी वेगळ्याला आठवण करावी लागते. शिवाय विरारवालीच्या बाळाची अंगाईगीतं आता माझ्या होम पेजवर ठाण मांडून बसली आहेत ते वेगळंच.

आईला हे सगळं प्रकरण हास्यास्पद वाटतं. ती म्हणते, चाळीत दुपारी प्रत्येक खोलीत विविध भारती लागलेलं असायचं, गॅलरीच्या या टोकापासून नळापर्यंत बादली घेऊन गेलं तरी गाणं कुठे तुटायचं नाही. खरं आहे. प्रक्षेपण एक, रेडिओ वीस, आणि सगळ्यांची सम एकत्र. तेव्हाच्या रेडिओ लायसनचे पैसे सोडले तर फुकट.

माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. सोनीचा पहिला वॉकमन आला 1979 मध्ये. त्याला इयरफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकायला. आणि एक नारिंगी बटण होतं: दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. म्हणजे ज्याने ते बनवलं त्याला कळलं होतं की दोघं ऐकायला बसले की बोलणारच. माझ्या ॲपमध्ये रांग आहे, आवाजावर सगळ्यांचा ताबा आहे, कोण जोडलंय त्याचे गोल गोल फोटो आहेत. बोलायची सोय नाही. त्यासाठी वेगळा कॉल लावा, आणि कॉलचा स्वतःचा उशीर त्यात मिळवा. इमोजी टाकायची सोय आहे म्हणे. समेवर इमोजी शोधत बसू का?

आता आम्ही काय करतो ते सांगते. द्रुत जवळपास बंद केलं. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल लावतो, एक मात्रा चार-पाच सेकंदांची, बारा मात्रांचं आवर्तन मिनिटभर चालतं. तिथे बदलापूरकर दोन सेकंद पुढे असला तरी त्याच मात्रेच्या पोटात असतो. त्याचं "वा" जरा आधी येतं इतकंच, सवाईलाही असा एखादा उतावळा शेजारी असायचाच. आधी असा संथ बडा ख्याल लागला की आम्ही चहा भरून आणायला उठायचो, आता चाळीस चाळीस मिनिटं बसतो. विरारवाली नाही बसत. ती विलंबित लागलं की कॉल म्यूट करून भांडी घासते आणि द्रुतला परत येते, आणि द्रुत हल्ली येतच नाही म्हणून कुरकुरते.

वर्षाचा प्लॅन 14 तारखेला संपतोय. वर्षाचा पुन्हा घेणार नाही, महिन्या-महिन्याचा घेईन. एकाचे तीन तारे केलेत. चौथा तारा ते पॉज-प्ले स्वतः करायला शिकले की. सहा जीबीपैकी दीड परत उतरवून झालं, उद्या लंचला उरलेलं बघते.