सीआयएसएफची गेटवरची तपासणी : वेळ जातो, पण ओळख चालत नाही हेच बेस्ट

मी सोलापुरात इलेक्ट्रिकलची छोटी कामं घेतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड आहे आणि पॅनलच्या कामासाठी फताटेवाडीच्या एनटीपीसीत, म्हणजे सरकारी वीज प्लांटमध्ये, जाणं-येणं असतं. तिथं गेटवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल. लोक त्यांच्याबद्दल लई बोलतात, वेळ खातात, ऐकून घेत नाहीत वगैरे, म्हणून मुद्दाम लिहितोय. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.

आपल्याकडं कुठंही जा, पहिला प्रश्न काय, तर ओळखीचं कोण आहे का. दवाखान्यात तेच, लग्नाच्या हॉलला तेच. या गेटवर ते बंद. मागं आमच्या टूल्सच्या यादीत क्लॅम्प मीटरचा (वायरमधला करंट मोजायचं मीटर) सिरीयल नंबर चुकला, ठेकेदाराच्या ऑफिसात टाईप करताना ३ चा ८ झाला होता. मीटरच्या मागचं स्टिकर काळं पडलेलं, जवानानं ते अंगठ्यानं पुसलं, टॉर्च मारली, एकेक आकडा कागदाशी लावून बघितला आणि म्हणाला, "भैया, ये नंबर नहीं मिल रहा, पास ठीक करवा लो." ऑफिसवाल्याला फोन केला तर तो म्हणतो माझं नाव सांगा, लगेच सोडतील. सांगितलं. काही उपयोग नाही. नवीन कागद येईपर्यंत दुपार गेली, पोरं वैतागली, पण जवानाचा आवाज एकदापण चढला नाही, प्यायचं पाणी कुठाय तेपण त्यानंच दाखवलं. आणि आमच्या शेजारी एका मोठ्या गाडीतले साहेब खाली उतरून डिकी उघडून उभे होते, त्यांनापण सूट नाही.

एवढ्याशा मीटरसाठी एवढं कशाला, असं पोरांनी विचारलं. अरे, आत येताना नंबर लागला नाही तर बाहेर जाताना ती वस्तू कुणाची हे ठरणार कसं? दुसऱ्या एका साईटवर प्रायव्हेट गार्ड होते, नुसता हात दाखवला की आत. तिथंच माझी तांब्याची केबल गेली आणि रजिस्टरमध्ये कुठल्याच गाडीची धड नोंद सापडली नाही. भरपाई कोण देणार, सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात.

हे दल निघालंच मुळात सरकारी कारखान्यांसाठी. १९६८ चा कायदा आणि १० मार्च १९६९ ला स्थापना, म्हणून दरवर्षी त्या दिवशी त्यांचा रेझिंग डे असतो. केंद्रीय गृहखात्याखाली येतं, आग विझवायची स्वतःची फायर विंग आहे. विमानतळ नंतर आले, डिसेंबर १९९९ ला कंदाहारचं विमान अपहरण झालं आणि २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली. दिल्ली मेट्रोपण त्यांच्याकडंच. २६/११ नंतर २००९ मध्ये कायदा बदलून प्रायव्हेट कंपन्यांनापण हे दल मिळायला लागलं. जिथं ड्युटी लागते त्या कंपनीकडून खर्च वसूल होतो, त्यामुळं महाग पडतं अशी ओरड असते, पण एक मोठी चोरी किंवा आग किती महाग पडते तेपण धरा की हिशोबात.

पुणे एअरपोर्टवरपण हेच लोक. आईच्या गुडघ्यात रॉड आहे, मशीन वाजलं की ती घाबरते. तिथल्या लेडी जवाननं पडद्याआड नेऊन खुर्चीवर बसवून तपासलं, काठी स्वतः स्कॅनरमधून फिरवून आणून दिली, "आराम से, माताजी" म्हणत म्हणत. मागं रांग वाढत होती तरी घाई नाही केली.

पहिल्यांदाच प्लांटमध्ये काम घेताय त्यांच्यासाठी, टूल्सची यादी ठेकेदारावर सोडू नका, सिरीयल नंबर स्वतः वाचून तपासा, परत न्यायच्या सामानाचा रिटर्नेबल गेटपास वेगळा करून घ्या आणि शिक्का बसलेली कॉपी काम संपेपर्यंत जपून ठेवा, बाहेर पडताना तीच मागतात.