दगडफुलांच्या रसायन-चाचणीचं किट: 'के' उत्तम, 'सी' कच्ची
दगडफुलांतली आम्लं रंगावरून ओळखायला हे तीन बाटल्यांचं किट पुरेसं आहे. १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडची 'के' बाटली उत्तम: झँथोरिया या केशरी-पिवळ्या दगडफुलावर थेंब पडताच त्यातल्या पॅरिएटिन या रंगद्रव्यामुळे जांभळा रंग चढतो. खरी अडचण 'सी'ची. त्यातलं हायपोक्लोराइट (ब्लीच) उजेडात लवकर निकामी होतं, शिवाय गायरोफोरिक आम्लाचा गुलाबी रंग क्षणभरच टिकतो; मग असलेलं आम्लही 'नाही' ठरतं. ब्लेडने वरची साल खरवडा, पांढऱ्या गाभ्यावर बारीक थेंब ठेवा आणि लगेच भिंगातून बघा. 'पी'मधलं पॅराफेनिलिनडायअमिन विषारी आहे, हातमोजे घालाच. माहितीपत्रकात दगडफुलांतल्याच अस्निक आम्लाचे जंतुरोधक गुण भरभरून सांगितलेत. ते पोटात घेतल्याने यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत, हे मात्र छापायलाच हवं होतं.