सुटे अंक घ्यावेत की संग्रहाची वाट बघावी?

गेल्या वर्षी जानेवारीत मी एक वही घातली. डाव्या पानावर विकत घेतलेली कॉमिक्स लिहायची, उजव्या पानावर वाचून संपवलेली. दोन-तीन महिने दोन्ही पानं जोडीनं चालली. मग डावं पान सुसाट सुटलं आणि उजवं धापा टाकत मागे राहिलं. डिसेंबरात वही चाळताना खरी गंमत कळली: डावीकडे गर्दी होती ती एका प्रकारच्या कॉमिक्सची, उजवीकडे दुसऱ्याच प्रकारच्या. जे मी जमवत होते ते वाचत नव्हते, आणि जे वाचत होते ते जमवत नव्हते.

सुपरहिरो कॉमिक्सकडे नव्यानं वळणाऱ्याला सगळे पात्रांची नावं सुचवतात. बॅटमॅनपासून सुरुवात कर, नाहीतर स्पायडरमॅन घे. माझ्या मते पात्र आपोआप सापडतं. आधी ठरवायचं ते हे, की गोष्ट कोणत्या रूपात वाचणार: महिन्याच्या महिन्याला येणारा सुटा अंक, पाच-सहा अंक एकत्र बांधलेला ट्रेड, उशीएवढा ऑम्निबस, की पडद्यावर. वरवर पाहता आतला माल एकच. पण एकच गोष्ट चारही रूपांत वाचून बघितली, तर ती तीच राहत नाही.

मी हा प्रयोग मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाच्या 'हॉकआय'वर केला. क्लिंट आणि केट हे दोघंही यात हॉकआय याच नावानं वावरणारे तिरंदाज. मॅट फ्रॅक्शनचं लेखन, डेव्हिड आहाची बरीचशी चित्रं. ऑगस्ट २०१२ ते जुलै २०१५ या काळात निघालेले २२ अंक. मालिकेच्या उत्तरार्धात एक अंक न्यूयॉर्कमधल्या क्लिंटचा, पुढचा लॉस एंजेलिसला निघून गेलेल्या केटचा, अशी अदलाबदल चालते. सुटे अंक वाचणाऱ्याला ही तुटलेली जोडी तशीच तुटक वाचायला मिळाली, त्यात शेवटी शेवटी अंकही रखडत आले. ट्रेडमध्ये मात्र संपादकांनी दोघांना वेगळं काढलं. तिसऱ्या खंडात केटचे १४, १६, १८ आणि २० हे अंक (जोडीला वार्षिकांक), तर चौथ्यात क्लिंटचे उरलेले. दोन सरळ गोष्टी झाल्या, वाचायला सोप्या झाल्या, आणि माझ्या मते थोड्या पातळही. क्लिंट संकटात असताना केट तिथे नाही, ही रुखरुख त्या आलटून-पालटून क्रमातच लागते.

त्याच मालिकेचा ११ वा अंक घ्या. २०१४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट सुट्या अंकाचं आयझनर पारितोषिक, म्हणजे अमेरिकी कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार, मिळालं. सगळा अंक कुत्र्याच्या नजरेतून सांगितलाय. माणसं बोलतात त्यातले मोजकेच शब्द त्याला कळतात, बाकी संवादाच्या फुग्यांत नुसती गिचमिड. माणूस समोर आला की त्याच्याभोवती वासांच्या छोट्या छोट्या खुणा, रेघांनी जोडलेल्या, एखाद्या नकाशासारख्या. हा अंक मी आधी फोनवर वाचला. ॲप चौकटीमागून चौकट मोठी करून दाखवत होतं आणि मला काही केल्या हा अंक इतका का गाजला ते कळेना. मग तोच अंक कागदावर हातात आला. पूर्ण पान एका नजरेत दिसल्यावर डोळा आपणहून हुंगत हुंगत फिरायला लागला. फोनवर चौकटी सगळ्या होत्या, फक्त पान नव्हतं.

आता एकेक रूप. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण माझं सगळ्यांशी सारखं जमलेलं नाही.

सुट्या अंकात गोष्टीची पानं साधारण २० ते २२. बाकी जाहिराती, कधी वाचकांची पत्रं. दहा-पंधरा मिनिटांत संपतो. पानांच्या हिशेबानं बघाल तर वाचण्याचा हा सगळ्यात महागडा मार्ग आहे, यात वाद नाही. तरीही शेवटच्या पानावर कुणीतरी दार उघडून आत येतं आणि पुढे महिनाभर ते कोण असेल यावर मित्रांशी वाद घालता येतो, हे सुख बाकीच्या तिन्ही रूपांत नाही. ट्रेडमध्ये ते दार पान उलटताच उघडतं. वाट बघणं हा इथे मजेचाच भाग आहे. ज्यांना तो नकोसा वाटतो त्यांनी सुट्या अंकांच्या वाटेला जाऊ नये.

एक व्यवहाराची गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॉमिक्स विकण्याची पद्धत बदलली. खपले नाहीत तर परत, हा वृत्तपत्र विक्रेत्यांचा रिवाज. त्याऐवजी खास कॉमिक्सची दुकानं जास्त सवलतीत माल उचलू लागली, पण परतीची सोय न ठेवता. त्यामुळे दुकानदार मोजूनमापून मागणी नोंदवतो. तुम्ही आधी नाव नोंदवलं नसेल तर चौथा अंक तुमच्यासाठी येईलच असं नाही. माझ्या एका सहा अंकांच्या मालिकेत नेमका चौथाच राहिला. तो पुढे मिळाला तो सहावा येऊन गेल्यावर, कोपरा दुमडलेला. शेवट आधी वाचून झाला होता.

आणि मुखपृष्ठं! एकाच अंकाची तीन, पाच, कधी डझनभर मुखपृष्ठं निघतात. आतलं पानन्‌पान तेच. जूनमध्ये मी एक अंक दोनदा घेतला, कारण दुसऱ्या मुखपृष्ठामुळे तो मला नवाच वाटला. वहीत डावीकडे दोन नोंदी, उजवीकडे एक.

यातूनच तो प्रश्न येतो, जो प्रत्येक नवा संग्राहक कधी ना कधी हळूच विचारतो: पुढे याची किंमत वाढेल का? एका अंकाची वाढेलही. शंभरांची नाही. १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, आज अनमोल आहे, कारण तेव्हा मुलांनी तो वाचला, चुरगाळला, फेकला. पुढे युद्धकाळात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत कितीतरी जुनी कॉमिक्स गेली. उरले ते थोडे. उलट १९९१ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या, पाच मुखपृष्ठांसह, आणि लोकांनी त्या जपून ठेवल्या. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत, आत शोकाची काळी पट्टी घालून आला. त्याच्याही कितीतरी पिशव्या आजवर उघडलेल्या नाहीत. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला कोण विचारतं? किंमत वाढेल म्हणून साठवण्याचा तो फुगा फुटला तेव्हा दुकानं धडाधड बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा गुंतवणूक म्हणून सुटे अंक घेणार असाल तर माझ्याकडे सल्ला नाही. वाचणार असाल तर आहे: एका वेळी दोन मालिका, फार तर तीन.

सांभाळणं हा वेगळाच उद्योग. प्लास्टिकची पिशवी, आत आम्लमुक्त पुठ्ठा, मग उभे ठेवायचे खोक्यात. आडवे रचले तर खालच्यांचे कणे वाकतात. ऊन लागू द्यायचं नाही, दमट जागा नको. जुन्या वर्तमानपत्री कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यामुळे पानं पिवळी पडून त्यांचा चुरा होतो. आताचा गुळगुळीत कागद त्या मानानं सोशिक आहे. माझं नुकसान झालं ते यातल्या कशानंच नाही, चिकटपट्टीनं झालं. पिशवीचं झाकण उघडून पट्टी तशीच वर चिकट ठेवली आणि अंक बाहेर ओढला. पट्टीनं मुखपृष्ठ धरलं आणि बॅटमॅनच्या उजव्या कानाचा शाईचा पापुद्रा सरळ सोलून निघाला. तेव्हापासून पट्टी आधी पूर्ण काढून पिशवीच्या पाठीला चिकटवते. बरेच जण पट्टी लावतच नाहीत, झाकण पुठ्ठ्यामागे नुसतं खोचतात. तेच शहाणपणाचं.

(कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून दहापैकी गुण देणाऱ्या ग्रेडिंगबद्दल एवढंच, की त्या डबीतलं कॉमिक वाचता येत नाही. माझ्यापुरता विषय तिथे मिटला.)

ट्रेडबद्दल तक्रार करायला मला फारसं काही सापडत नाही, आणि वहीचं उजवं पान भरलंय ते मुख्यतः ट्रेडनंच. एका बैठकीत एक पूर्ण कथानक, जाहिराती नाहीत, कपाटात कणा दिसेल असं उभं राहतं, पिशवी-पुठ्ठ्याची कटकट नाही. कुणाला वाचायला देताना जीव खालीवर होत नाही. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांचं 'बॅटमॅन: इयर वन' मूळचे चारच अंक (४०४ ते ४०७, सन १९८७). ते एका दमात वाचलं की पोलीस अधिकारी गॉर्डनचं पूर्ण वर्ष अंगावर येतं, चार तुकड्यांत तसं होणार नाही. पहिलं पुस्तक म्हणून मी हेच हातात देईन, आणि ट्रेडमध्येच.

उणं काय? एक, उशीर. सुट्या अंकांचा गुच्छ पूर्ण होऊन ट्रेड यायला कित्येक महिने जातात, तोवर कोण मेलं आणि कोण परत आलं ते तुम्हाला दहा जणांनी सांगून झालेलं असतं. दोन, सगळेच ट्रेडसाठी थांबले तर सुट्या अंकांचा खप पडतो आणि मालिकाच गुंडाळली जाते. आवडती नवी मालिका जगावी असं वाटत असेल तर तिचे सुटे अंक घेणं हेच तिला दिलेलं मत. तीन, ट्रेड डोळ्यांपुढे ठेवून लिहिणारे लेखक तीन अंकांचा ऐवज सहा अंकांत ताणतात. ट्रेडमध्ये ते खपून जातं. सुट्या अंकात एखादा महिना नुसत्या बोलाचालीत संपतो.

जुन्या मार्व्हलसाठी 'एपिक कलेक्शन' नावाचे जाड कागदी बांधणीचे खंड निघतात, साधारण चारशे-पाचशे पानांचे. ते क्रमानं निघत नाहीत, हे लक्षात ठेवा. आज सतरावा, वर्षभरानं चौथा. कणे ओळीत लागलेच पाहिजेत असा स्वभाव असेल तर डोक्याला ताप. बॅटमॅन-सुपरमॅन काढणाऱ्या डीसी या प्रकाशनानं २०२४ पासून लहान आकाराचे कॉम्पॅक्ट खंड काढायला सुरुवात केली. प्रवासाला उत्तम, अक्षर मात्र बारीक. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर एकदा हातात घेऊन बघा आणि मगच ठरवा.

ऑम्निबस. मोठा आकार, कडक पुठ्ठा, कित्येकदा हजाराच्या आसपास पानं. कपाटात त्याच्याइतकं देखणं काही दिसत नाही. वाचायला मांडी पुरत नाही, टेबल लागतं. झोपून वाचायचा प्रयत्न मी एकदाच केला. डुलकी लागली आणि तो छातीवर आपटला. शिवलेली बांधणी असेल तर पानं सपाट उघडतात, नाहीतर दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला नायक मधल्या घळीत गडप होतो. आवृत्ती संपली की पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नसल्यानं 'आत्ता नाही घेतलं तर गेलं' ही धास्ती मनात बसते. माझ्या डाव्या पानावरचे तिन्ही ऑम्निबस याच धास्तीनं आले. त्यातला जो मी आधी सुट्या रूपात वाचला होता तोच पुन्हा उघडला गेला. दुसऱ्याचं प्लास्टिक अजून तसंच आहे. तिसऱ्याची शंभर पानं झाली आणि कळलं की हा लेखक मला सोसत नाही.

राहिला पडदा. मार्व्हल अनलिमिटेड ही वर्गणी भरून वाचायची सेवा २००७ पासून आहे, आज त्यात ३०,००० हून जास्त अंक आहेत. नवा अंक साधारण तीन महिन्यांनी तिथे येतो. डीसीच्या साध्या वर्गणीत सहा महिने थांबावं लागतं, महागड्या वर्गणीत महिनाभर. पाच-सहा मालिकांतून पसरलेलं एखादं महाकथानक वाचायचं असेल, तर मला दुसरा शहाणा मार्ग दिसत नाही. मुख्य गोष्टीचे सहा-आठ अंक आणि भोवतालचे पन्नास, त्यातले तीस सोडून देण्याच्या लायकीचे. कागदावर ते तीस विकत घ्यावे लागतात, इथे दोन पानांत कळतं आणि पुढे जाता येतं. फोन मात्र नको, मोठा टॅबलेट हवा आणि पूर्ण पान दिसेल अशी मांडणी. कुत्र्याचा अंक आठवा.

पण वर्गणी थांबली की कपाट रिकामं. अंक एकेक करून विकत घेतले तरी बहुतेक ठिकाणी हाती येतो तो वाचण्याचा परवाना. कॉमिक्सॉलॉजी या सर्वांत लाडक्या ॲपचं उदाहरण ताजं आहे. २०१४ मध्ये ते ॲमेझॉननं घेतलं आणि २०२३ च्या डिसेंबरात वेगळं ॲप बंद करून सगळं किंडलमध्ये ओतलं. खरेदी बुडाली नाही, पण वर्षानुवर्षं लावलेलं घर दुसऱ्याच्या घरात हलवल्यासारखं झालं.

यंदाच्या वहीत मी डाव्या पानाची रेघ अर्ध्यावर ओढलीय. चालू मालिकांपैकी दोन सुट्या अंकांत. बाकी सगळं आधी टॅबलेटवर, आणि जे दुसऱ्यांदा वाचावंसं वाटेल त्याचाच ट्रेड. प्लास्टिकमधला ऑम्निबस मात्र विकवत नाही. तो खालच्या फळीवर आडवा आहे, त्यावर खोकं ठेवलंय, आणि खोक्यात तो सोललेल्या कानाचा बॅटमॅन.