ऑफिसची बाहेरगावची टीम आणि काळबादेवीची थाळी – श्री ठाकर भोजनालय

आमच्या ऑफिसात बाहेरून टीम आली की त्यांच्या खाण्यापिण्याचं आणि फिरण्याचं बघणं माझ्याकडे असतं. इंदूर, चेन्नई, बंगळुरू, कधी कधी जर्मनीहून पण लोक येतात आणि बहुतेक सगळे बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नाहीतर एअरपोर्टजवळच्या हॉटेलात उतरतात. मग काय होतं तर दिवसभर मीटिंग, रात्री त्याच हॉटेलच्या बँक्वेट हॉलमधे बुफे, पनीरची एक भाजी, एक पास्ता, वर इतक्या मोठ्या आवाजात डीजे की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी फ्लाइट. माणूस मुंबईत येऊन गेला पण मुंबईचं काही खाल्लं नाही, काही बघितलं नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून ज्यांच्यावर असं काम येतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय.

सरळ सांगते, ग्रुपला रात्रीची पार्टी देण्यापेक्षा दुपारची थाळी द्या, आणि ती ठाकरला द्या.

श्री ठाकर भोजनालय काळबादेवीत दादीशेठ अग्यारी लेनमधे आहे, १९४५ पासूनचं, शुद्ध शाकाहारी गुजराती थाळी. ऑफिसच्या ग्रुपसाठी थाळी का चांगली हे मला बऱ्याच अनुभवातून कळलंय. वीसबावीस जणांना मेनूकार्ड दिलं की अर्धा तास ऑर्डर देण्यातच जातो, कोणाला स्टार्टर हवं, कोणाला नको, ज्युनियर मुलं साहेबांकडे बघून स्वस्तातलं काहीतरी मागवतात, कोणाचं आधी येतं कोणाचं सगळ्यांचं जेवण झाल्यावर. थाळीत यातलं काहीच नाही, बसलात की दोन मिनिटांत वाढायला सुरुवात, डायरेक्टर आणि काल जॉइन झालेला ट्रेनी दोघांच्या ताटात सेम टू सेम, आणि वाढपी दोघांनाही तितकाच आग्रह करणार. जी माणसं दोन दिवस कॉन्फरन्स रूममधे एकमेकांना सर-मॅडम करत होती ती इथे "अरे ही कढी घे ना" म्हणायला लागतात. आइसब्रेकर नावाचे जे खेळ हॉलमधे घेतात ना, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

जेवणाबद्दल. फुलका. बाकी सगळं नंतर. पातळ, टम्म फुगलेला, तूप लावलेला, आणि तव्यावरून थेट तुमच्या ताटात येतो, ढीग करून ठेवलेला नसतो, त्यामुळे शेवटचा पण पहिल्याइतकाच गरम. सोबत भाज्या, कडधान्याची उसळ, एकदोन फरसाण, चटण्या, गुजराती गोडसर डाळ आणि कढी, आणि गोडाचं. मला स्वतःला कढी इतकी आवडते की मी ती वाटीवाटीने नुसती पिते. शेवटी खिचडी तूप घालून आणि ताक. उन्हाळ्यात आमरस असतो, तेव्हा बाहेरचे लोक नेले तर ते अक्षरशः गप्प होऊन खातात. थंडीत गुजराती जेवणात उंधियूचे, म्हणजे त्या मिश्र भाजीचे, दिवस असतात, त्या वेळी ग्रुप येत असेल तर आधी विचारून घ्या कुठल्या दिवशी आहे.

पाहुण्यांना दोनतीन गोष्टी जेवायला बसायच्या आधीच सांगून ठेवा. एक म्हणजे डाळ-भाजीत गूळ असतो, आंध्रकडच्या किंवा आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाला पहिल्या घासाला ते विचित्र वाटतं, दुसरा घास चटणी लावून घ्या म्हणायचं. दुसरं, भात शेवटी येतो. चेन्नईची मंडळी भाताची वाट बघत बसतात आणि फुलके कमी खातात, म्हणून त्यांना आधीच सांगा की भात मागितला की मिळतो, लाजू नका. तिसरं, नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा, नुसतं "नो थँक्यू" म्हणून वाढपी थांबत नाही. परदेशी पाहुण्यांना तिखटाची भीती असते, त्यांच्यासाठी गुजराती जेवण एकदम सेफ. आणि जैन पाहुण्यांचं, कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं काय करायचं हा प्रत्येक कॉर्पोरेट जेवणातला मोठा प्रश्न असतो, तो अशा ठिकाणी सांगितला की लगेच समजतो, समजावत बसावं लागत नाही.

आता जायचं कसं, कारण काळबादेवी म्हटलं की लोक घाबरतात. गल्ल्या अरुंद, हातगाड्या, टेम्पो, बस आत शिरणारच नाही. बस विसरा, मेट्रोने जा. अॅक्वा लाइन, म्हणजे मेट्रो ३, ऑक्टोबर २०२५ मधे कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि माझं काम निम्मं झालं, बीकेसीत बसायचं आणि थेट सीएसएमटीला नाहीतर काळबादेवीला उतरायचं. एअरपोर्टच्या दोन्ही टर्मिनलला पण हीच लाइन आहे. वीस माणसांना पाच कॅबमधे बसवून ट्रॅफिकमधे एकमेकांना लोकेशन पाठवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि बाहेरच्यांना मेट्रोचा प्रवास पण आवडतो. जागा पहिल्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो, गुडघ्याचा त्रास असलेले कोणी असतील तर ते लक्षात घ्या. मोठा ग्रुप असेल तर आधी फोन करा आणि साडेबाराच्या आत पोचा, आणि वीस जणांना एकाच लांब टेबलाचा हट्ट धरू नका, चारसहा जण असे वेगवेगळे बसले की गप्पा जास्त होतात.

फिरणं जेवणाच्या आधी, नंतर नाही. थाळीनंतर कोणी चालत नाही, हे लिहून घ्या. मी सकाळी सीएसएमटीला उतरवते, स्टेशन बाहेरून नीट दाखवते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने डिझाइन केलेलं, १८७८ ला काम सुरू होऊन १८८८ ला पूर्ण झालं, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्यातून आजही लोकल सुटतायत हे बघून बाहेरचे लोक थक्क होतात. मग धोबीतलावला कयानी, १९०४ चं इराणी हॉटेल, तिथे चहा, बनमस्का आणि ज्यांना थाळीत नॉनव्हेज नाही म्हणून रुखरुख आहे त्यांनी खिमापाव खाऊन घ्यायचा, म्हणजे दुपारी तक्रार नाही. पण थोडंच खायला लावा, पुढे थाळी आहे.

तिथून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ ची इमारत, दरवाजांवर शेतकरी आणि बाजाराची शिल्पं आहेत ती लॉकवुड किपलिंगने, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी केलेली, आतल्या कारंज्यावर पण त्यांचंच काम आहे, पण निम्मे लोक फळं बघत आत शिरतात आणि वर मान करतच नाहीत, म्हणून तुम्ही थांबवून दाखवा. शेजारी मंगलदास मार्केट, कापडाचं, इथे टीमला अर्धा तास मोकळं सोडा, घरच्यांसाठी काहीतरी घेतात आणि खूश होतात. मग मुंबादेवीवरून काळबादेवी, तोपर्यंत भूक लागलेली असते. रविवारी हा सगळा कार्यक्रम करू नका, मंगलदास बंद असतं. इतिहास सांगायला माणूस हवा असेल तर खाकी टूर्सवाले चांगले आहेत, चालत नेतात, उघड्या जीपमधून पण फिरवतात.

काही कंपन्या डबेवाल्यांवर हॉलमधे लेक्चर ठेवतात. १८९० पासून चाललेलं काम आहे, त्यांच्याबद्दल ऐकावं हे बरोबरच, पण एकदा साडेअकराच्या सुमारास चर्चगेट स्टेशनबाहेर टीमला बाजूला उभं करा आणि डबे कसे लावले जातात ते बघू द्या, फक्त त्यांच्या वाटेत येऊ नका, फोटोसाठी त्यांना थांबवू नका, त्यांची वेळ मोजलेली असते.

जेवण झालं की काळबादेवीहून मेट्रोने परत, दोन तास आराम. संध्याकाळसाठी माझी पहिली पसंती रॉयल ऑपेरा हाऊसला, चर्नी रोडजवळचं जुनं नाट्यगृह. १९११ ला उद्घाटन झालं, १९९३ ला बंद पडलं आणि डागडुजी होऊन २०१६ ला परत सुरू झालं, आतलं छत आणि बाल्कन्या बघायलाच तिकीट काढावं असं आहे. तिथे कार्यक्रम नसेल तर नरिमन पॉइंटला एनसीपीए, तिथे पण संगीत-नाटकाचे कार्यक्रम असतात. मिक्स ग्रुप असेल तर संगीत किंवा नृत्य निवडा, स्टँडअप नको, निम्म्यांना विनोद कळत नाहीत आणि ते नुसते हसल्यासारखं करतात, बघवत नाही. टीम अंधेरी-जुहूकडे उतरली असेल तर पृथ्वी थिएटर, १९७८ पासूनचं, छोटं आणि कलाकार अगदी समोर, पण तिथे उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, मग तो तुमचा व्हीपी का असेना, म्हणून अर्धा तास आधी कॅफेत चहा प्यायला नेऊन बसवा. ग्रुप सगळा मराठी असेल, पुणे-नाशिक-नागपूरचा, तर मग दादरला शिवाजी मंदिरचं नाटक, दुसरा विचारच नको, मध्यंतरात बटाटेवडा.

दारू थाळीच्या जागी मिळत नाही, ज्यांना हवी त्यांनी रात्री हॉटेलात बघावं. पहिल्यांदा मी हा प्लॅन मांडला तेव्हा वरून नकार आला होता, की दारूही नाही आणि कॉर्पोरेट पाहुण्यांना जिना चढवून भोजनालयात कसं न्यायचं. नेलं. तेच पाहुणे आता यायच्या आधी मेसेज करतात की थाळीचा दिवस कुठला ठेवलाय, आणि आमरसाच्या सीझनला येता यावं म्हणून रिव्ह्यू मीटिंग मे महिन्यात घ्या असं एकांनी चक्क मेलमधे लिहिलं. आम्ही घेतली.