लायब्ररी ऑफ काँग्रेसचा स्पॅनिश-अमेरिकन युद्धफितींचा संग्रह: पाहावाच, पण नोंद वाचून

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर १८९८ ते १९०१ या काळातल्या ६८ मूकफिती मोफत पाहता येतात, उतरवूनही घेता येतात. विषय क्युबातलं युद्ध आणि पाठोपाठची फिलिपिन्समधली लढाई. बहुतेक फिती एडिसन कंपनीच्या, काही बायोग्राफच्या.

संग्रह अमूल्य आहे. उणीव एकच, पण मोठी: यादीत खऱ्या चित्रणाला लागूनच न्यू जर्सीत उभारलेली लढाई येते. नुसतं शीर्षक वाचणारा हमखास फसतो.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या स्वयंसेवकांच्या फिलिपिन्समधल्या कॅलूकनवरील चढाईची फीत (१८९९) पाहा. फिलिपिनो सैनिक झाडीतून थेट कॅमेऱ्यावर गोळ्या झाडतात, मागे हटतात. अमेरिकन तुकडी धावत येते, झेंडेकरी पडतो, दुसरा झेंडा उचलतो. दोन्ही बाजू एकाच चौकटीत, आणि तिकाटण्यावरचा अवजड कॅमेरा ऐन माऱ्यात! खऱ्या रणात हे शक्यच नव्हतं. फिलिपिनोंच्या भूमिका कृष्णवर्णीय अमेरिकनांना दिल्या होत्या, हे विसरून ही फीत पाहू नये. धुरावरून मात्र निवाडा करू नका. स्वयंसेवकांच्या स्प्रिंगफील्ड बंदुका काळ्या दारूच्या होत्या. प्रत्यक्ष लढाईतही धुराचे लोट उठत.

क्युबातल्या एल कॅनेच्या फितीत तर इतिहासच चुकला आहे. पायदळामागून रफ रायडर्स (अमेरिकेची स्वयंसेवक घोडदळ पलटण) घोडे फेकत येतात. प्रत्यक्षात १ जुलै १८९८ रोजी ते सान हुआनच्या टेकड्यांवर लढत होते, तेही पायी; त्यांचे बहुतेक घोडे फ्लोरिडातच राहिले होते.

खऱ्या फिती संथ आहेत: क्युबाच्या किनाऱ्यावर डाइकिरीला उतरणारं सैन्य, पोहत किनारा गाठणारी खेचरं, हवाना बंदरात बुडालेल्या 'मेन' या अमेरिकी युद्धनौकेचा सांगाडा. लढाई जवळपास नाहीच.

चित्र धूसर दिसतं, थरथरतं. १९१२ पर्यंत अमेरिकी कायद्यात चित्रपटाला स्वतंत्र हक्कनोंदणी नव्हती, म्हणून ती छायाचित्रं म्हणून नोंदवण्यासाठी फीत छायाचित्र-कागदावर छापून जमा करत. मूळ फिती बहुतांशी नष्ट झाल्या आणि या प्रती त्या कागदावरून पुन्हा चित्रित केल्या आहेत. कागदाचा पोत आणि ओरखडे त्यामुळेच. उतरवताना सर्वांत मोठी फाइल निवडा. छोटीत गवत आणि माणसं एकमेकांत मिसळतात.

वर्गात दाखवायच्या असतील तर आधी डाइकिरी, मग एल कॅने. आणि प्रत्येक फितीखालचा सारांश मोठ्याने वाचून दाखवा. एडिसनच्या विक्रीपत्रकातली भडक वर्णनं बऱ्याचदा तिथेच दिलेली असतात.