गंधपुऱ्याच्या तेलाचे १७,६०० रुपये, आणि मी निवृत्त बँकवाला

रविवारच्या पेपरातून पत्रक पडलं : मोफत गुडघेदुखी शिबिर, कर्वे रोडवरचं एक मंगल कार्यालय. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मोफतमध्ये आधी नाडीचे ५०० गेले. मग ‘आईंना महिन्यात पर्वती चढवतो’. आई ७६ वर्षांची. ज्याच्या घरात रात्री कुणी गुडघे धरून कण्हत नाही, त्याने मला खुशाल हसावं.

‘हिमालयातलं शंभर टक्के शुद्ध गंधपुरा तेल.’ बाटली २,८५०, सहा बाटल्यांचा कोर्स १७,१००. चोळायचं आणि रात्री दुधातून दहा थेंब. साखरही उतरते म्हणे! (मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.)

क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा बाईचं. मी थांबलो. खरंच थांबलो. २६ वर्षं काउंटरवरून लोकांना हेच बजावलं, नाव बघा, मग पैसे पाठवा. पण मागे रांग, आई खुर्चीवरून आशेने बघतेय, आणि तो पोरगा म्हणतो, “काका, हिशोब मॅडमच बघतात.” टाकला पिन. बिल ‘उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर’. लेबलवर परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही. हे सगळं घरी येऊन वाचलं, कारण चष्मा गाडीत होता.

आईला हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, चालू आहे. मी विचारलं होतं, बरं का! “नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही.” हे वाक्य ऐकलंत की उठा.

नवव्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा; जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) ५.८. एरवी ३ च्या आसपास असतो. डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला आणि मला झापलं. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनचं भावंड. नुसतं चोळलं तरी कातडीतून रक्तात उतरतं आणि वॉरफरिनचा जोर वाढवतं. शुद्ध तेल चमचाभर पोटात जाणं म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या वीसेक गोळ्या. घरात लहान मूल असेल तर बाटली त्याच्या हाताला लागू देऊ नका, चमचाभर पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो.

ओळखीच्या केमिस्टने कागदावर एक थेंब सोडला. सुगंधी तेल हळूहळू उडून जातं. तीन दिवसांनी वास गेला, तेलकट डाग तसाच. म्हणजे बरंचसं साधं तेल. विकणाऱ्याने भेसळ केली म्हणून माझी आई वाचली! आता त्याला शिव्या तरी कोणत्या द्यायच्या?

चौकीत दोन तास बसवून, “तुम्ही स्वतः पैसे दिलेत, माल मिळाला, फसवणूक कुठाय?” तिथून परवान्यांच्या कार्यालयात. “बिल आणा.” बिल असतं तर मी इथे कशाला आलो असतो? चार बाटल्या सीलबंद आहेत म्हटलं, तर पुन्हा “बिल?” दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये, तिसरीला जेवायला. अर्जावर पोचेचा शिक्का मिळाला चौथ्या खेपेला, तोही तारीख चुकवून. हॉलवाला म्हणतो, भाडं रोख आलं, नाव कोण विचारतंय. लग्नाला मात्र यांना आधार कार्ड लागतं!

पैसे गेले की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी सहा दिवस घालवले.

सीलबंद चार बाटल्या कपाटात कुलपात आहेत, पुरावा म्हणून. आई काल विचारत होती, “चोळायला तरी दे रे एखादी, बरं वाटायचं.”