अग्निशमन दलाचे सोसायटीतील प्रात्यक्षिक: उत्तम, पण घराच्या दाराशी थांबणारे

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील स्फोटात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्यानिमित्त आमच्या महानगरपालिकेच्या अग्निशमन दलाने सोसायटीच्या आवारात प्रात्यक्षिक दिले.

जवानांनी भाषणापेक्षा रहिवाशांच्या हातात साधने देण्यावर भर दिला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कढईतल्या तेलाने पेट घेतल्यास पाणी न ओतता शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवायचे, हे त्यांनी पेटत्या तेलावरच दाखवले आणि ज्येष्ठ महिलांकडूनही करवून घेतले. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यावर जमिनीलगत साचतो. त्यामुळे विजेच्या कोणत्याही बटणाला, अगदी चालू पंखा बंद करण्यासाठीही, हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर कळवावे, हा क्रम कारणासह सांगितल्याने मुलांनाही पाठ झाला.

मात्र हे सारे आवारातच संपले. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो. या धोक्याचा उल्लेखही झाला नाही. खिडक्यांना लावलेल्या, आतून न उघडणाऱ्या लोखंडी जाळ्यांविषयीही कोणी बोलले नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये सादर होणारे प्रमाणपत्र इमारतीच्या अग्निसुरक्षा यंत्रणेपुरते असते. शेगडीमागची जुनी रबरी नळी त्यात येत नाही.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदलेले आहे, आणि ते आग विझवण्यापुरते मानणे मला मान्य नाही. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधण्यासाठी पालिकेचे कर्मचारी घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा तपासतात. त्याच भेटीत गॅसच्या नळीवरची तारीख, गिझरची जागा आणि जाळीचे कुलूप पाहण्याचे प्रशिक्षण त्यांना देता येईल. त्यासाठी नवा विभाग उभारावा लागणार नाही. तोवर प्रत्येक सोसायटीने हे प्रात्यक्षिक अवश्य मागवावे, आणि अर्जातच निदान एका घराचे स्वयंपाकघर व न्हाणीघर जवानांनी रहिवाशांसमोर तपासून दाखवावे, अशी विनंती करावी.